व्यवसाय: कीटकनाशक विक्रेता

प्रल्हादभाऊ,

परवा नेरला तुमची शोकसभा झाली. पाच जण बोलले आणि पाचांनी तुमची ओळख पाच तऱ्हेने करून दिली. एकाने तुम्हाला शेतकऱ्यांचा कैवारी म्हटलं, एकाने समाजसेवक. व्यापाऱ्यांच्या वतीने बोलायला उभे राहिलेले गृहस्थ म्हणाले की आमचा मनमिळाऊ बंधू गेला. तिसऱ्या रांगेत बसून मी वाट पाहत होते, की कुणीतरी ते साधं वाक्य बोलेल, जे तुम्ही स्वतः कुठेही आणि कुणासमोरही बोलायचात. कुणी बोललं नाही. शेवटी माझं नाव पुकारलं. घसा बसलाय अशी खूण करून मी मान हलवली.

घसा ठणठणीत होता. बोलले असते तर एक गोष्ट सांगावी लागली असती, आणि ती मी तुम्हालाच कधी सांगितली नव्हती.

आपली पहिली भेट यवतमाळच्या त्या हॉलमधली. कपाशीची ती वाईट वर्षं होती. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी कधीच यायचं नाही. बाहेरून माणसं यायची, पाहायची, लिहून न्यायची. अशात नागपूरच्या एका संस्थेने आपल्या भागातली चौदा माणसं निवडली. प्रादेशिक नेतृत्व अभ्यासवृत्ती असं भारदस्त नाव होतं, आपण सगळे फेलोशिपच म्हणायचो. वर्षभर महिन्यातून दोन दिवस यवतमाळला जमायचं, शिकायचं, आणि उरलेल्या दिवसांत आपापल्या गावांत काम करायचं. पहिल्या सकाळी प्रत्येकाने उठून आपला व्यवसाय सांगायचा होता. उमरखेडकडचे एक वकील होते, मुलांचे डॉक्टर होते, ढाणकीच्या बाजारातले एक आडते होते, बँकेतून निवृत्त झालेले साहेब होते. बचत गट चालवणाऱ्या दोघी होत्या. मी दारव्ह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, हे मी जरा सावरून बसत सांगितलं.

मग तुम्ही उठलात. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि आवाज हळू.

"मी प्रल्हाद. नेरच्या स्टँडापाशी माहं कृषी केंद्र हाये. कपाशीचं औषध इकतो. म्या इकलेल्या औषधानं एक मानूस मेला, म्हनून इथं आलो."

वकीलसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. मला तुमचा राग आला, हे आज लिहिते. वाटलं, असं चारचौघांत बोलून हा माणूस स्वतःला मोठं करतोय. आणि दुसरं असं वाटलं की संस्था आज ना उद्या आपले फोटो कुठेतरी छापणार, आणि याच्या शेजारी माझा येणार.

दुपारी जेवताना तुम्ही सगळं सांगितलंत, मी विचारलं नसतानाही. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि अळी काही केल्या हटत नव्हती. एक शेतकरी तुमच्या काउंटरवर आला आणि जालीम काहीतरी द्या म्हणाला. तुम्ही दोन बाटल्या दिल्यात आणि दोन्ही एकत्र करून मारायला सांगितलंत. फवारणी करणारा शेतकरी नव्हता. मारोती नावाचा मजूर होता, आणि तुम्ही त्याला पाहिलंही नव्हतं. उंच कपाशीत पाठीवर पंप घेऊन तो चार दिवस फवारत राहिला. चौथ्या दिवशी त्याला अंधारी आली. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात त्या आठवड्यात असे कितीतरी जण होते. मारोती त्यांतून घरी परतला नाही. तुम्ही त्याच्या घरी गेलात. त्याची बायको कमल दारात उभी होती, तिने तुम्हाला पाणी दिलं. औषध कुणी दिलं ते तिला अजून माहीत नव्हतं. तुम्ही पाणी प्यालात आणि मग सांगितलंत. तिने गडवा उचलला आणि दार लावून घेतलं.

"पानी पेल्यावर सांगतलं, हेच चुकलं माहं," तुम्ही मला म्हणाला होतात. "आधी सांगाले पाह्यजे होतं."

त्यानंतर तुम्ही दुकानात एक नियम केलात. फवारणार कोण, त्याला घेऊन या, मगच बाटली. गिऱ्हाइकं चिडली, पलीकडच्या दुकानात गेली. तुम्ही नियम सोडला नाही. फेलोशिपमध्ये तुम्हाला एवढंच शिकायचं होतं, की काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला ही गोष्ट पटवायची कशी.

ते कसं करायचं हे आपण दोघांनी मिळून शोधलं, आणि त्या दिवसांबद्दल मी तुमचे किती आभार मानू. फवारा अंगावर किती उडतो ते दिसावं म्हणून मी पाण्यात पोटॅशियम परमँगनेट घालायचं सुचवलं होतं. तुम्ही हसलात आणि किराणा दुकानातून कपड्याला घालायची नीळ आणलीत. पंपात निळीचं पाणी भरलं, पांढरा शर्ट-पायजमा घालून तुम्ही एका ओळखीच्या शेतात उभ्या कपाशीत शिरलात आणि रोजच्यासारखं फवारत गेलात. शेताच्या धुऱ्यावर पाच-पंचवीस माणसं उभी होती. तुम्ही बाहेर आलात तेव्हा छाती निळी होती, हात निळे होते, पायजमा मांडीपर्यंत भिजलेला होता, मिशीसुद्धा निळी झाली होती. लोक आधी हसले. मग तुम्ही म्हणालात, आता हे पाणी नाही, औषध आहे असं समजा. हसणं थांबलं. एक म्हातारा मजूर जवळ येऊन तुमच्या मिशीला बोट लावून पाहत राहिला. बावीस वर्षं मी फळ्यावर त्वचा आणि श्वसनसंस्था शिकवत होते, पण असा धडा मला कधी जमला नव्हता.

त्या दिवशी परतताना शेअर जीपमध्ये आपण मागच्या सीटवर दाटीने बसलो होतो. तुमच्या कानामागे नीळ तशीच होती. त्या खुशीत मी तुम्हाला माझ्या घरची एक गोष्ट सांगितली. माझे वडील कोर्टात शिपाई होते. पण आमच्या घरात सांगताना नुसतं 'कोर्टात आहेत' म्हणायची रीत होती. आमच्या आळीत सगळे कारकून आणि मास्तर. ऐकणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. माझ्या लग्नाच्या वेळीही तसंच सांगितलं गेलं.

तुम्ही म्हणालात, "मंग लाजता काहून मॅडम? नाव पुकारनारा मानूस होता तो. तो पुकारे तवाच साहेबाचं काम चालू होये."

मी जीपमध्ये रडले होते, तुमच्या लक्षात आलं असेल. ती छोटी लाज मी तुमच्यापाशी मोकळी केली. मोठी लाज त्याच्या पुढच्याच महिन्यात मी स्वतःच्या हाताने तयार केली.

संस्थेला आपल्या चौदा जणांची ओळख करून देणारी पुस्तिका काढायची होती. फोटो, गाव, आणि व्यवसायाची पार्श्वभूमी. माझं मराठी बरं म्हणून सगळ्यांचे अर्ज माझ्याकडे आले. तुमच्या अर्जावर तुमच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं: कीटकनाशक विक्रेता. संस्थेच्या बाईंचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, हे जरा अडचणीचं वाटतंय, त्यांची शेतीही आहे ना, काही वेगळं बसतंय का बघा. त्यांनी जबरदस्ती केली नाही. बघा म्हणाल्या. मी बघितलं, आणि दोन मिनिटांत लिहून टाकलं: प्रगतिशील शेतकरी व सामाजिक कार्यकर्ते.

संस्थेच्या बाईंवर ढकलून मी मोकळी होऊ शकत नाही, प्रल्हादभाऊ. त्या काही म्हणाल्या नसत्या तरी मी शब्द बदलला असता. माझा फोटो तुमच्याच पानावर होता.

पुस्तिका हातात पडली तेव्हा तुम्ही ती दोनदा वाचलीत आणि मला विचारलंत, हे कुणी लिहिलं. मी म्हटलं, नागपूरहून छापून आलं. हे खोटं तेवढ्याच सहज बोलले, जेवढ्या सहज लहानपणी 'बाबा कोर्टात आहेत' बोलायचे.

मग आपला वाद झाला. तो पुरा झालाच नाही. मी म्हणत राहिले की शेतकरी म्हणणं काही चूक नाही, सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे. तुम्ही म्हणालात की जमीन भाऊ वाहतो, बारा वर्षांत तुम्ही डवरा हातात धरलेला नाही. मी म्हटलं, एवढा कशाला त्रास करून घेता, चांगलंच तर लिहिलंय.

"चांगलं हाये, पन माहं नाही," तुम्ही म्हणालात. "जे इकतो तेच लपवलं, तर माह्यावर इस्वास कोन ठेवन?"

तुम्ही संस्थेला पत्र लिहिलंत. पुढच्या वेळी दुरुस्त करू असं उत्तर आलं. पुढची वेळ आली नाही. पुस्तिका मात्र ग्रामपंचायतींना वाटल्या गेल्या.

त्यातली एक कमलच्या गावी पोचली. गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्या गावी पुन्हा जायला तुम्ही दोन वर्षं कचरत होतात. शेवटी सरपंचांनीच बोलावलं. शाळेच्या आवारात सतरंजी घातली होती, पंप आणि नीळ तयार होती. तुम्ही बोलायला उठण्याआधीच कमल उठली. तिच्या हातात ती पुस्तिका होती. लिहिता-वाचता येणारी बाई ती. तिने तुमचं पान मोठ्याने वाचून दाखवलं, माझे शब्द, एकेक करून. मग तिने विचारलं,

"इथं शेतकरी लिवलं हाये. मंग माह्या मालकाचं औषध कोनं देल्लं?"

"म्याच देल्लं," तुम्ही म्हणालात. "हे चुकीचं लिवलं हाये."

"घरी येऊन तर सांगतलं होतं. कागदावर सांगाची लाज वाटली काय?"

लोक हळूहळू उठून गेले. कुणी आरडाओरडा केला नाही, चपला पायात सरकवल्या आणि गेले. मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसले होते, तुमच्यापासून चार हातांवर. उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. मी पदर सारखा करत बसले.

परतीच्या वाटेवर तुम्ही म्हणालात की या गावात आता तुम्हाला कुणी बोलावणार नाही, पण मी जावं, मास्तरीण बाईचं ऐकतील. फवारणी सुरू व्हायला महिना होता. मी हो म्हटलं. मग शाळेत चाचण्या लागल्या, घरी पाहुणे आले, आणि खरं कारण हे, की कमलच्या समोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. मी गेले नाही. त्याच मोसमात त्या गावचा एक मजूर फवारताना पडला. वाचला तो. पण एका डोळ्याने त्याला आता नीट दिसत नाही. बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला कधीतरी दिसतो, रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवून पाहतो. मी दुसऱ्या गल्लीने जाते.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की मी का गेले नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. तुमचा हा गप्प राहण्याचा स्वभाव मला कधीकधी जाचायचा.

फेलोशिप संपली. वकीलसाहेब निवडणुकीला उभे राहिले, डॉक्टरांना पुरस्कार मिळाला. तुम्ही नेरला परत काउंटरमागे जाऊन उभे राहिलात. आपलं दुसरं भांडण त्यानंतरचं. मी म्हणत होते की दुकान बंद करा, एवढं मन खातंय तर विष विकता तरी कशाला. तुम्ही म्हणायचात की बंद केलं तर दुसरा विकेल आणि तो काही विचारणार नाही. मी तुम्हाला दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा म्हणाले, तुमच्या बायकोसमोर, शोभावहिनींसमोर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. तुम्ही एवढंच म्हणालात की मॅडम, तुमचंही बरोबर असेल. कोण बरोबर होतं, मला आजही ठरवता येत नाही. ते ठरवायला आता समोर तुम्ही नाही.

शेवटच्या वर्षात आपलं बोलणं फोनवरच जास्त व्हायचं. पाऊस किती झाला, अळी आली का, शाळेत नवीन मास्तर कसा आहे. प्रत्येक वेळी फोन ठेवताना मी ठरवायचे की पुढच्या वेळी सांगायचं. तुम्हाला धाप लागायला लागली होती, तरी मी वेळ आहे असंच धरून चालले.

शोकसभा संपल्यावर मी तुमच्या घरी गेले. बायकांची गर्दी ओसरेपर्यंत थांबले. मग शोभावहिनींना सगळं सांगितलं, पुस्तिकेतला शब्द, नागपूरचं नाव पुढे केलं ते, न गेलेली ती खेप. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले नाहीत की माझा हातही धरला नाही.

"त्यायले सांगाचं होतं तुमी," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं ते मलेच इचारत होते, शोभे, तो फॉर्म म्याच चुकीचा भरला काय. मले सांगून आता काय होते? सांगाचंच असन तर कमलले सांगा."

तुम्ही तीन वर्षं स्वतःच्या अक्षरावर संशय घेत होतात. हे ऐकल्यापासून मी धड झोपलेली नाही.

काल सकाळी मी गेले. कमल आता त्याच शाळेत खिचडी शिजवते. सुट्टी व्हायची होती, ती चुलीसमोर बसून तांदूळ निवडत होती. तिने मला ओळखलं, बसायला पाट सरकवला. तुम्ही गेल्याचं तिला कळलं होतं. तिने पाणी पुढे केलं. मी घेतलं नाही, आधी सांगितलं. सांगताना माझा आवाज एवढा बारीक झाला, की तिने दोनदा 'काय?' म्हणून विचारलं.

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग तिने मला विचारलं,

"त्या पुस्तकात तुमचं काय लिवलं होतं?"

"शिक्षिका."

"ते खरं होतं ना?"

मी हो म्हटलं.

"मंग त्याईचंबी खरं लिहाचं होतं."

एवढं बोलून तिने पुन्हा सूप उचललं. ती रागावली असती तर मला सोसलं असतं. ती रागावली नाही. तिने तुम्हाला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. ते कुणी विचारायचं असलं तर तुम्हीच, आणि तुम्ही त्या गावी पुन्हा पाऊल टाकू नये याची सोय मी करून ठेवली होती.